कॅरेज अडली, शाई तुटली: मोठ्या प्रिंटरवर या चुका टाळा

गणपतीला आठ दिवस उरले की लोअर परळ, लालबाग, साकीनाका इथल्या फ्लेक्स छापणाऱ्या गाळ्यांमधून मला, म्हणजे त्यांची मशीनं दुरुस्त करणाऱ्याला, फोन सुरू होतात. बहुतेक फोनची सुरुवात ठरलेली असते : "दादा, कॅरेज एरर आलाय. मोटर गेली वाटतं." कॅरेज म्हणजे छापणारं हेड घेऊन रेल्वरून इकडून तिकडे धावणारा भाग, आणि त्याची मोटर क्वचितच गेलेली असते. दुसरा फोन शाईचा : "हेड चोक झालंय, कितीही क्लीनिंग मारलं तरी उघडत नाही." हेड म्हणजे बारीक भोकांतून, म्हणजे नोझलमधून, शाई सोडणारा भाग, आणि तोही बऱ्याचदा चोक झालेला नसतोच.

स्क्रीनवर येणारा एरर म्हणजे मशीन कुठे थांबलं त्याची खबर. का थांबलं, ते मशीनलाही माहीत नसतं. नकाशे छापणाऱ्या एचपी डिझाइनजेटच्या बऱ्याच मॉडेलांवर ८६:०१ असा आकडा येतो, तो इतकंच सांगतो की कॅरेजच्या हालचालीत गडबड आहे. फ्लेक्सच्या मशीनवर तर आकडाही धड येत नाही, नुसता सर्व्हो अलार्म, म्हणजे कॅरेज हलवणाऱ्या मोटरची तक्रार. तेवढ्यावर मोटर मागवायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बंद-चालू, बंद-चालू

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मशीन चालू केलं की कॅरेज आपलं घर शोधायला निघते. वाटेत फ्लेक्सची मुडपलेली कड असेल तर प्रत्येक वेळी हेड त्या कडेवर घासतं. पाच वेळा बंद-चालू केलंत तर पाच वेळा घासलं. एरर आला की मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि कॅरेज हाताने सरकवून बघा. ती कॅपवर, म्हणजे काम नसताना हेड झाकणाऱ्या रबरी कपावर, बसलेली असेल तर आधी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे कॅप खाली घ्या. बसलेल्या कॅरेजला तशीच ओढलीत तर लॉक, हेड पुसणारा वायपर किंवा थेट हेडला इजा होते.

हात काय सांगतो ते नीट ऐका. एकाच जागी अडकत असेल तर त्या जागी काहीतरी आहे : फ्लेक्सचा तुकडा, सुटलेला स्क्रू, नळ्या-केबली धरून कॅरेजबरोबर हलणाऱ्या चेनमधून बाहेर आलेली शाईची नळी. सगळीकडे सारखीच जड लागत असेल तर रेल्वर धूळ आणि शाई साचलीय, बेअरिंग गेलंय किंवा पट्टा जास्त ताणलाय. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी सरकत असेल तर अडथळा नाही. मग संशय घ्यायचा तो एन्कोडर पट्टीवर.

पट्टी

कॅरेजच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर डोळ्यांना धड न दिसणाऱ्या बारीक उभ्या रेषा. साधारण इंचाला १५० किंवा १८०. म्हणजे १८०च्या पट्टीवर एक रेषा आणि तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून मिलिमीटरचा सातवा भाग. कॅरेजवरचा सेन्सर या रेषा मोजत धावतो. त्या मोजणीवरच मशीनला कळतं की आपण कुठे आहोत, किती वेगात आहोत आणि थेंब नेमका कधी सोडायचा. मोजणी चुकली की तीनपैकी काहीतरी होतं : चित्र सरकतं, उभे पट्टे दिसतात, नाहीतर कॅरेज भरवेगात जाऊन फ्रेमवर आदळते.

लालबागच्या एका गाळ्यात दहा फुटी मशीन होतं. मंडळाचा वीस बाय दहाचा बॅनर चालू असताना कॅरेज डाव्या भिंतीवर आदळली. मी पोचेपर्यंत मालकांनी सर्व्हो मोटरची ऑर्डरही देऊन टाकली होती. पट्टीवर बॅटरी मारली तर मधोमध बोटाएवढा चिकट डाग. सणाचे दिवस म्हणून ऑपरेटरने त्याच दिवशी सकाळी हौसेने रेल्वर भरपूर ग्रीस चोपडलं होतं. त्यातलं थोडं उडून पट्टीवर बसलं. पुसायला पंधरा मिनिटं लागली. मोटर अजून त्यांच्या कपाटात असेल.

पुसतानाही लोक चुकतात. हाताशी असतो म्हणून थिनर घेतात आणि रेषाच पुसून टाकतात. धागे न सुटणारं कापड जेमतेम ओलं करा, आधी पाण्याने. सॉल्व्हंट शाईचा थर निघत नसेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी टोकाच्या कोपऱ्यात, जिथे कॅरेज जात नाही तिथे लावून बघून. पट्टी दोन बोटांत हलकी धरायची, चोळायची नाही. परत लावताना ती सेन्सरच्या खाचेतून मधोमध जातेय ना आणि टोकाची स्प्रिंग तिला ताणून धरतेय ना, हे बघा. उलटी लावलेली पट्टी मी दोनदा पाहिलीय. वंगणाचं म्हणाल तर रेल्च्या जातीप्रमाणे मॅन्युअल सांगेल तेच आणि तेवढंच. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, आणि मारताना तो पट्टीवरही उडतो.

आता ही पट्टी घाण होते कशाने? शाईच्या धुक्याने. हेड माध्यमापासून, म्हणजे ज्यावर छापतो त्या फ्लेक्स-व्हिनाइलपासून, फार वर ठेवलं की थेंबांचा बारीक फवारा हवेत तरंगतो आणि जाऊन पट्टीवर बसतो. दिसतो कॅरेज एरर, मूळ असतं हेडच्या उंचीत. उलटंही होतं.

शाई तुटते, तेव्हा

साकीनाक्याच्या गाळ्यात बॅनरवर नेत्यांचा चेहरा अर्ध्यातून काविळीसारखा पिवळा व्हायचा. मॅजेंटा (गुलाबी शाई) जात होता. ऑपरेटरने अकरा वेळा हेड क्लीनिंग मारलं होतं, बाटलीभर शाई वाया. सकाळी नोझल चेक (कुठली भोकं चालू आहेत ते दाखवणारा छापील नमुना) एकदम स्वच्छ, चार-पाच फूट छापलं की मॅजेंटा गायब. मी विचारलं, दोन फुटी कामं नीट निघतात का? निघत होती. फक्त पूर्ण रुंदीचं काम लावलं की बिघडायचं. तिथेच उलगडा झाला. कुणीतरी मॅजेंटाची फाटलेली नळी कापून जोडताना आखूड केली होती. कॅरेज लांबच्या टोकाला गेली की नळी ताणली जायची, डॅम्परवरचा (हेडच्या वरची शाईची छोटी डबी) नट हलायचा आणि तिथून हवा आत. क्लीनिंग मारलं की पंप त्याच फटीतून आणखी हवा ओढायचा. कॅरेज त्या टोकाला किंचित अडखळायची, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अजून महिनाभराने तिथे कॅरेज एररच आला असता.

म्हणून क्लीनिंगचं बटण दाबण्याआधी तीन नोझल चेक काढा, दोन लागोपाठ आणि तिसरा थोडं छापल्यावर. तिन्हींमध्ये तीच नोझल त्याच जागी बंद असतील तर ते खरं चोक. जागा बदलत असेल तर हवा. सुरुवातीला सगळी चालू आणि छापता छापता एकेक जात असतील, थोडा वेळ थांबल्यावर परत येत असतील, तर शाई हेडपर्यंत पुरेशी पोचत नाही. या तिसऱ्या प्रकारात क्लीनिंगचा काडीचाही उपयोग नाही. टाकीपासून हेडकडे चालत या : टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे का, नळी कुठे दुमडलीय का, फिल्टर किंवा डॅम्पर भरून गेलाय का.

टाकी मनाला येईल तिथे ठेवू नका. डॅम्परच्या बऱ्याच मशीनमध्ये शाईची पातळी हेडपेक्षा थोडी खाली लागते, त्या फरकानेच हेडमध्ये किंचित उलटी ओढ राहते आणि शाई टपकत नाही. शाई कमी येते म्हणून टाकी स्टुलावर चढवणारे महाभाग भेटतात. दुसऱ्या दिवशी कॅपिंगमध्ये रंगपंचमी. सबटँक (हेडच्या आधीची छोटी टाकी) असलेल्या मशीनवर इंक पंप चालूच राहून अलार्म देत असेल तर पंपावर ठपका ठेवण्याआधी सबटँकमधला फ्लोट, म्हणजे शाईची पातळी सांगणारा तरंगता भाग, बघा. वाळलेल्या शाईने तो खाली चिकटून बसतो, सबटँक भरली तरी मशीनला रिकामीच वाटते.

क्लीनिंगने काहीच फरक पडत नसेल तर हेड सोडा, कॅप तपासा. हातमोजे घालून कॅपमध्ये काठोकाठ फ्लशिंग (शाई धुवायचं द्रावण) ओता आणि पंप चालवा. ते झटकन ओढलं गेलं पाहिजे. तसंच राहिलं तर नळी तुंबलीय किंवा पंप गेलाय. ओढलं जातंय पण हेड बसल्यावर उपयोग होत नाही, मग कॅपचा रबर खराब आहे.

दोन कंपन्यांच्या शाया एका टाकीत मिसळू नका. काही जोड्यांची नळीतच जेली होते, मग नळ्या आणि डॅम्पर सगळंच बदला. हेडची सपाट केबल मशीन चालू असताना कधीही काढू-घालू नका. तिच्या टोकाला शाईचा एक थेंब राहिला तरी बोर्ड आणि हेड दोन्ही जाऊ शकतात.

पावसाळ्याचं वेगळं

जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते आणि व्हिनाइलच्या मागचा कागद ती ओल पितो. कडा वर उचलल्या जातात, कॅरेज येऊन त्यावर आदळते आणि आपण म्हणतो हेड मारलं. रोल रात्रभर मशीनवर चढवून ठेवू नका, पिशवीत घालून उभा ठेवा, सकाळी पहिले दोन-तीन फूट कापून टाका. व्हॅक्यूम, म्हणजे माध्यम खाली सपाट ओढून धरणारा पंखा, चालू आहे ना बघा. कड वाकतेय म्हणून हीटर वाढवू नका, जास्त उष्णतेने ती आणखी वाकते. याच दिवसांत जुन्या इमारतींच्या अर्थिंगचाही घोळ होतो. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज ३ च्या आत नसेल तर विनाकारण येणारे एरर मशीनमध्ये शोधत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढं करूनही सुटलं नाही तर फोन जरूर करा. फक्त करताना कॅरेज कुठे थांबली त्याचा फोटो, तारीख टाकलेले ते तीन नोझल चेक आणि हाताने सरकवल्यावर कुठे जड लागली, एवढं तयार ठेवा. आणि गेल्या आठवड्यात कुणी काय उघडलं होतं तेही सांगा. हे शेवटचं कुणी आपणहून सांगत नाही, मला तीनदा विचारावं लागतं.