गावातल्या अडचणीतल्या मुलांसाठी काम करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका आजींनी माझ्यासमोर खताची धुतलेली पिशवी उलटी केली. आतून निघालं ते असं: मुलाच्या मृत्यू दाखल्याच्या चार झेरॉक्स, रबर लावलेलं रेशनकार्ड, दोन पासबुकं आणि दोन्ही नातवंडांची बोनाफाईड, तीही मागल्या वर्षाची. मुलगा वारलेला, सून माहेरी निघून गेलेली, पोरं आजीजवळ. दीड वर्षात आजी तलाठी, तहसील, बँक, शाळा, अंगणवाडी असं सगळीकडे जाऊन आल्या होत्या. प्रत्येकाने आपापल्या कामापुरतं बरोबर सांगितलं होतं आणि आणखी एक कागद मागितला होता. पण ही दोन्ही मुलं बालसंगोपन योजनेत बसतात, हे त्यांना एकानेही सांगितलं नव्हतं.

मराठवाड्यातल्या गावांमध्ये बाल संरक्षण समित्यांसोबत काम करताना हे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसतं. कुटुंब एक, दारं सात, आणि त्या सातही दारांपर्यंत कुटुंबासोबत चालणारा माणूस एकही नाही. पुढच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

समितीच्या बैठकीत ‘विषय’ घेणं

ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत ठरावात असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत मुख्याध्यापक, पोलीस पाटील, आशा ताई. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि विषयाच्या रकान्यात दर वेळी एकच ओळ पडते: ‘बालविवाह रोखणेबाबत चर्चा करण्यात आली.’

बैठकीत विषय घेऊ नका, कुटुंब घ्या. एका बैठकीला दोन किंवा तीनच, पण नीट.

एका गावात सातवीतली एक मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस शाळेत येत नव्हती. गुरुजींना वाटायचं, घरच्यांना शिक्षणाची आवड नाही. बैठकीत आशा ताईंनी सांगितलं की आईला टीबीचं औषध चालू आहे, तिला उठवत नाही. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा, त्याला सांभाळायला ही घरी. तीन वर्षं पूर्ण नाहीत म्हणून तो अंगणवाडीत बसत नव्हता. सेविका ताई तिथल्या तिथे म्हणाल्या, ‘बसू द्या की, मी बघते.’ आशा ताईंनी दोन्ही मुलांची टीबीची तपासणी करून घेतली. दोन दिवसांनी पोरगी वर्गात होती. या सगळ्याला रुपया लागला नाही. चार माणसांना चार तुकडे माहीत होते, ते फक्त एका सतरंजीवर यायचे होते.

बैठक संपताना रजिस्टरात प्रत्येक कुटुंबापुढे एका माणसाचं नाव लिहा: पाठपुरावा कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असं लिहिलंत की त्या घराकडे कोणीच फिरकत नाही. हा अनुभव मी इतक्या गावांत घेतलाय की आता नाव लिहिल्याशिवाय मी बैठकीतून उठतच नाही.

योजनांची सरमिसळ, आणि आईचा अर्ज विसरणं

राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. अनाथ, एकच पालक असलेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं यात येतात. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व वेगळं: महिन्याला ४,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. दोन्हींसाठी जायचं दार एकच, जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

नावामुळेही घोळ होतो. आपल्या राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये कोरोनात पती गमावलेल्या महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. २०२२ मध्ये त्याच नावाने केंद्राची योजना आली. ‘आमचं वात्सल्यचं झालंय’ असं कोणी म्हणालं, तर नेमकं कोणतं, हे कागद बघूनच ठरवा.

मुलांचा अर्ज भरताना आईचा राहून जातो. विधवा आईला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये आहेत. हे दोन्ही अर्ज तहसीलला जातात, मुलांचा महिला व बालविकासकडे. म्हणूनच दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातात हवेत.

पैसे सुरू होऊन थांबले तर आधी तीन गोष्टी तपासा. आदेशाचं नूतनीकरण झालंय का? बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, की केवायसीअभावी बंद पडलंय? शाळेचं बोनाफाईड चालू वर्षाचं आहे का? वरच्या आजींच्या नातवंडांना पुढे आदेश मिळाला, पहिला हप्ता मात्र आला नाही. धाकट्याचं खातं दोन वर्षं वापरात नव्हतं. बँकेत जाऊन केवायसी केलं आणि काम मार्गी लागलं. आदेश मिळाल्यावर आम्ही सगळे निर्धास्त झालो होतो, त्यात त्या घराचे तीन महिने गेले. तेव्हापासून पासबुकात पहिली नोंद डोळ्यांनी बघेपर्यंत मी कोणतंच काम झालं म्हणत नाही.

‘ग्रामपंचायतीकडे पैसा नाही’ हे ऐकून परत येणं

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराचा कर मिळून गावाचं उत्पन्न ४ लाख असेल, तर हे ४०,००० झाले. मोठ्या गावात आकडा बराच वाढतो. अडचण अशी की हा पैसा मार्च उजाडेपर्यंत कोणाला आठवत नाही, मग घाईघाईत शिलाई मशीन किंवा खुर्च्या घेतल्या जातात. त्या खरेदीला माझा विरोध नाही. पण ज्या गावात सहा मुलं शाळा सोडून बसली आहेत, तिथे आधी त्या सहा मुलांचा विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. आराखड्याच्या नऊ संकल्पनांमध्ये ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथे मागणी मांडा आणि ठरावात आणा. ‘मुलांसाठी काहीतरी करावे’ असं मोघम मागू नका. काम, मुलांची संख्या आणि रक्कम लिहून द्या. १० टक्क्यांत कोणती कामं बसतात त्याचा शासन निर्णय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या आणि स्वतः वाचा.

एक खर्च मात्र कुठल्याच योजनेत सहज बसत नाही, आणि अर्ज त्याच्यापायी अडतात: जिल्ह्याची फेरी. एसटीत बाईला अर्धं तिकीट असलं तरी त्या दिवसाची मजुरी बुडतेच, आणि एक झेरॉक्स कमी पडली की पुन्हा तीच फेरी. यासाठी लोकवर्गणी चांगली चालते. आम्ही आता आदल्या संध्याकाळी शाळेत बसून पाच कुटुंबांचे कागद तपासतो, अर्जाला लावायला घरासमोर मुलांचे पालकांसोबत फोटो काढून घेतो आणि सकाळी एकाच जीपने सगळ्यांना नेतो. जीपचं भाडं गणपती मंडळ देतं.

कंपनीच्या सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीचा) पैसा मिळाला तर जरूर घ्या. पण प्रकल्प तीन वर्षांचा आणि मूल सहा वर्षांचं असेल, तर चौथ्या वर्षी काय, हे पहिल्याच बैठकीत बोला.

कोयते गेल्यावर सर्वेक्षण करणं

बीड, जालना, परभणीकडच्या गावांसाठी हा मुद्दा सगळ्यात नाजूक. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं (गावच्या भाषेत ‘कोयते’) दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. समग्र शिक्षातून चालणारं हंगामी वसतिगृह मुलांना गावातच ठेवण्यासाठी आहे: मूल आजी-आजोबांकडे राहतं, जेवण शाळेच्या व्यवस्थेतून मिळतं. पण चूल डिसेंबरात पेटली तर पोरं तोवर उसाच्या फडात पोचलेली असतात.

म्हणून गणपतीच्या दिवसांतच यादी करा. कोण जाणार, कोणतं मूल मागे राहू शकतं आणि कोणाजवळ. प्रस्ताव तेव्हाच पाठवा. अनुदान यायला उशीर झाला तर पहिल्या महिन्याचं धान्य गावातून गोळा करा, हे शक्य आहे आणि गावांनी केलेलं मी पाहिलंय. जे मूल जाणारच, त्याच्या हातात शाळेचं शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे साखर कारखान्यांकडून १० रुपये घेतले जातात आणि संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही आहे. आपल्या तालुक्यात त्यातलं काय सुरू आहे, हे समाजकल्याणला लेखी विचारा.

मुलाला संस्थेत ठेवून मोकळं होणं

घरात खायला नाही एवढ्याच कारणाने एक पालक हयात असलेली मुलंही बालगृहात जातात. बाल न्याय अधिनियम २०१५ संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. आधी बालसंगोपन, निराधार आणि रेशन हे तीनही करून बघा. आणि कोणी दयाळूपणाने गावात ‘अनाथाश्रम’ काढत असेल तर त्याला स्पष्ट सांगा: या कायद्याखाली नोंदणी नसलेली संस्था चालवणं गुन्हा आहे.

वह्या वाटतानाचे फोटोही थांबवा. एका मुलाने मला विचारलं होतं, ‘ताई, वही घेतली की ग्रुपवर टाकणार का?’ त्याला वही हवी होती, तरी तो मागे सरकला. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं याच कायद्याच्या कलम ७४ खाली शिक्षापात्र आहे, ग्रामसभेतही मुलाचं नाव घेऊ नका.

रात्री काय करायचं, हे रात्री शोधणं

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. तो नंबर शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. त्याखाली बाल संरक्षण कक्षाचा आणि बाल कल्याण समितीचाही लिहा. सोडून दिलेलं किंवा हरवलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोरही नेता येतं. रविवार असला तरी हेच. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लगेच कळवा, गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. हळदीच्या दिवसाची वाट पाहिली तर मांडव पडलेला असतो, पाहुणे आलेले असतात आणि मुलीला कोणी काही विचारत नाही.