गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांचा त्रास डॉक्टरांना नीट कसा सांगायचा

मळमळ, थकवा, सारखं लघवीला लागणं, स्तन दुखणं, बद्धकोष्ठता, हे पहिल्या तीन महिन्यांत होतंच असं घरात सगळ्यांना माहिती असतं, त्यामुळे 'अगं सगळ्यांनाच होतं' म्हटलं की विषय संपतो आणि तुझा दिवस कसा जातोय हे कोणी विचारतच नाही. ओपीडीत पण तेच. उलट्या होतात का? हो, थोड्या. झालं, पुढचा नंबर. अंघोळीला उभं राहवत नाही, ऑफिसच्या कॅबमध्ये पिशवी हातात धरून बसावं लागतं, हे सांगायचं राहूनच जातं.

म्हणून जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री मोबाईलमध्ये तीन आकडे लिहा: गेल्या २४ तासांत मळमळ किती तास होती, उलट्या किती झाल्या, कोरडे उमासे किती आले. डॉक्टरांकडे याच तीन प्रश्नांवरून काढायचा स्कोअर असतो, ३ ते १५ मधला, ६ पर्यंत सौम्य, ७ ते १२ मध्यम आणि १३ पासून पुढे तीव्र.

चौथी ओळ मात्र स्वतःची लिहा, आज मला काय करता आलं नाही. मला तर हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण स्कोअर सारखाच असला तरी कोथरूडला सासूबाईंच्या हातचं आयतं खाणारी आणि स्वारगेटहून दोन बस बदलून हिंजवडीला जाणारी, दोघींचे दिवस सारखे नसतात. स्वयंपाक जमला नाही, मोठ्या मुलाला शाळेत सोडता आलं नाही, दिवसभर रडू येत होतं, सगळं लिहा. रडू येणं पण सांगायचंच, लपवायचं नाही.

हे वाचून दाखवलं की डॉक्टरांना औषधाचं ठरवणं सोपं जातं. मळमळीसाठी बहुतेक वेळा डॉक्सिलामाइन आणि बी६ ची गोळी देतात, ती गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहे, पण झोप येते, त्यामुळे गोळी घेऊन टू-व्हीलर चालवू नका प्लीज. लोहाच्या गोळीने मळमळ वाढतेय असं वाटलं तर तेही विचारा, मनाने काही बंद करू नका.

घरात काय करायचं? उठायच्या आधी उशाशी ठेवलेल्या लाह्या किंवा कोरडं बिस्किट, पोट रिकामं ठेवायचं नाही, पाणी घोट घोट. फोडणीच्या वासाने उमासे येत असतील तर थोडे दिवस फोडणी दुसऱ्या कोणीतरी द्यायची, नवऱ्याला येते फोडणी देता, नसेल येत तर शिकेल.

नोकरी असेल तर डॉक्टरांकडून सर्टिफिकेट मागा, बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेशिवाय गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी १ महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे, एचआरला तसं स्पष्ट लिहून द्या.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची चौदाव्यापर्यंत कमी होते. पण पाणी पण पोटात टिकत नाहीये, लघवी एकदम कमी आणि गडद होतेय, उभं राहिलं की चक्कर येतेय, वजन आधीच्या ५ टक्क्यांहून जास्त उतरलंय, रक्त जातंय, एका बाजूला पोटात जोरात दुखतंय, ताप आहे, यातलं एक जरी असलं तरी अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.