नकाशा पक्का होण्याआधी दाखवा

जुन्या वस्तीच्या पुनर्विकासाचा आराखडा त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा, तर मंजुरीला टाकण्याआधी. खांबांची जागा एकदा ठरली की आर्किटेक्ट फक्त रंग बदलतो. मीही तेच केलंय.

मंडळी चार-पाच पुरेत. एक वाहतुकीतला, एक पाण्याचा निचरा जाणणारा आणि एक जुन्या वास्तूंतला हवाच. बिल्डरशी कोणाचाच व्यवहार नाही, हे आधी लेखी घ्या.

बैठकीआधी सगळ्यांना जागेवर न्या, तेही मे महिन्यात दुपारी दोनला. नागपूरच्या महाल भागातल्या एका कामात नकाशावर झकास मोकळा चौक होता. ४५ अंशांत तिथं उभं राहिलो, तर पाचच मिनिटांत सगळे न बोलता समोरच्या वाड्याच्या ओसरीत सरकले. वहीत पहिला शेरा तोच: सावली कुठंय?

इतवारीत असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, आराखड्यातल्या वळणावरून निघेल का, टेप लावून बघा. नाग नदीकाठी असाल तर सप्टेंबर २०२३ च्या पुरात पाणी भिंतीवर कुठवर चढलं, ते पानठेलेवाल्याला विचारा. तो बोटानं दाखवेल.

शेरे आठवड्याभरात, लेखी. ‘विचार व्हावा’ असलं मोघम चालणार नाही. ‘पश्चिमेला १० फुटांची ओसरी द्या’ असं लिहा.