एका पानात विहीर: स्पर्धेसाठी साहस कसं लिहावं

वन पेज डंजन कॉन्टेस्ट ही रोल-प्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ) साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, लिहिण्याची स्पर्धा; ती २००९ साली सुरू झाली. तिची मुख्य अट नावातच आहे: नकाशा, पात्रं, संकट, सगळं एका पानात. अशा स्पर्धेसाठी लिहायला बसलात की आधी इतिहास लिहू नका. राजघराण्याच्या तीन पिढ्या आणि एक शाप यातच अर्धं पान संपतं, आणि टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंच्या हाती काहीच लागत नाही. आधी जागा ठरवा, शक्यतो तुमच्या पायाखालची.

मी निवडली साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. अठराव्या शतकातलं बांधकाम. वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, आत चक्क महाल, तळाशी पाणी. अशा जागेचा वरून काढलेला नकाशा फारसा कामाचा नाही, म्हणून उभा छेद काढायचा: धावेवर बैल, मधे दालनं, खाली पाणी. बैल आणि नाडा नीट दिसू द्या; ज्याने आयुष्यात मोट पाहिली नाही त्या परीक्षकालाही चित्रावरून कळलं पाहिजे.

मग जागेत काहीतरी घडत राहायला हवं. विहिरीत साती आसरा असतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या साहसात त्यांच्या ओटीतली नथ चोरीला गेली आहे आणि ती परत मिळेपर्यंत पाणी चढत राहतं. छेदावर पाण्याच्या पाच तुटक रेषा मारल्या. दुसऱ्या रेषेला खालचा दरवाजा बुडतो. चौथ्या रेषेला मात्र पोहत वरच्या झरोक्यापर्यंत जाता येतं, जिथे आधी हात पोचत नव्हता. नुसत्या वाटा बंद करत गेलात तर खेळाडू पळ काढतात. एखादी नवी वाट उघडली की थांबून आपसात वाद घालतात, आणि मला तो वादच हवा असतो.

दालनांचं वर्णन लिहिताना सगळ्यात जास्त वेळ घ्या. ‘जुनी, अंधारी खोली, भिंतीवर कोरीव काम’ हे डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) काही उपयोगाचं नाही. त्याऐवजी: ‘पाणी गुडघ्यापर्यंत. कारकून डोक्यावर दप्तर धरून उभा. दप्तर सोडणार नाही. शिडी एकाच माणसाचं वजन पेलते.’ प्रत्येक पात्राला काय हवंय आणि ते काय सोडणार नाही, एवढं लिहिलं की बाकीचं डीएम बघून घेतो. चोर कोण, हे मात्र एकाच जागी दडवू नका. किमान तीन ठिकाणी त्याचा माग ठेवा, कारण त्यातले दोन खेळाडूंच्या नजरेतून हमखास सुटतात.

आकडे कमी ठेवा. परीक्षक डीअँडडीच (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, अशा खेळांपैकी सगळ्यात प्रसिद्ध) खेळत असेल असं नाही. ‘डीसी १५’ (कृती जमण्यासाठी फाशावर गाठायचा त्या खेळातला आकडा) लिहिण्यापेक्षा ‘ओल्या पायऱ्या, घाईत चढलं तर घसरण्याची भीती’ असं लिहिलं की कुठल्याही नियमांत चालतं. चित्रं स्वतः काढा. या स्पर्धेत प्रवेशिका क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातात, त्यामुळे नेटवरून उचललेला फोटो चालणार नाही. त्या वर्षीचे नियम आधी नीट वाचून घ्या.

शेवटी पान काळ्या-पांढऱ्यात छापा आणि ते खेळवायला दुसऱ्या कुणाला तरी द्या. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. तो कुठे अडखळतो, कुठे ओळ पुन्हा वाचतो, कुठला प्रश्न तुमच्याकडे बघून विचारतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या प्रश्नांची उत्तरं पानावर यायलाच हवीत. जागा नसेल तर जिथे कुणी थांबलंच नाही ते दालन काढून टाका, कितीही आवडतं असलं तरी.