परजीवी, सहजीवन आणि कळीची प्रजाती: वर्गात कसं शिकवाल?

पुस्तकात हे तिन्ही विषय एकामागून एक येतात, प्रत्येकी एक व्याख्या आणि दोन उदाहरणं घेऊन. मुलं ती पाठ करतात. मग डोक्यात उरतं ते एवढंच: परजीवी म्हणजे वाईट, सहजीवन म्हणजे चांगलं आणि कळीची प्रजाती (संख्या थोडी, पण परिणाम मोठा असलेला जीव) म्हणजे सगळ्यात मोठा प्राणी. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. म्हणून व्याख्या मागे ठेवा आणि सगळा पाठ एका प्रश्नावर चालवा: हा जीव इथून काढून टाकला, तर कोणाचं काय होईल? खालचा क्रम १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चार-पाच तासिका लागतात.

पायरी १: आधी वस्तू हातात द्या

कडधान्याचं एखादं रोप माती सैल करून मुळासकट उपटा आणि मुळं पाण्यात हलकेच धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने चिरली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर तिथले रायझोबियम जिवाणू कामात आहेत असं समजा. हवेतला नायट्रोजन ते रोपाला वापरता येईल अशा रूपात आणतात, रोप त्यांना साखर पुरवतं. दुसरी वस्तू म्हणजे झाडाच्या सालीवरचं दगडफूल. भिंगाखाली धरून त्यावर पाण्याचा थेंब टाका. राखाडी रंग पाहता पाहता हिरवट होतो, कारण बुरशीचा वरचा थर ओला झाला की त्याखालचं शैवाल दिसू लागतं. तिसरी अमरवेल. तिचं खोड यजमान झाडापासून हळू सोडवलं की आत घुसलेली चूषक मुळं दिसतात.

गोचिडी, उवा वर्गात आणू नका. वनस्पती पुरतात, आणि किळस आली की निम्मा वर्ग ऐकणं बंद करतो.

पायरी २: नफा-तोट्याचा तक्ता

प्रत्येक जोडीसाठी दोन रकाने. ज्याचा फायदा त्याला अधिक, ज्याचं नुकसान त्याला उणे, ज्याला काही फरक पडत नाही त्याला शून्य. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये सहजीवनाची कल्पना मांडली, तेव्हा दोन वेगळ्या जातींचं निकट एकत्र राहणं एवढाच तिचा अर्थ होता. त्यात परजीवीही येतात. हे स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं सहजीवन आणि परजीविता एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना लिहितात.

तक्ता भरून झाला की परिस्थिती बदला. जमिनीत नायट्रोजन आधीच भरपूर असेल तर? रोप गाठी कमी धरतं, कारण साखर फुकट घालवणं परवडत नाही. ऑक्सपेकर हा आफ्रिकेतला पक्षी मोठ्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी खातो, म्हणून जनावरालाही अधिक. पण तोच जखमा टोचून उघड्या ठेवतो आणि रक्त पितो. मग जनावराला खूण कोणती? वर्गात वाद होऊ द्या. ‘किती गोचिडी आहेत त्यावर अवलंबून’ असं कोणी म्हणालं, तर तासिका सार्थकी लागली.

पायरी ३: अन्नजाळ्यात परजीवी घाला

प्रत्येक मुलाला एक जीव द्या आणि कोण कोणाला खातं ते सुतळीने जोडा. हा खेळ जुनाच आहे, पण त्यात परजीवी जवळजवळ कधीच नसतात. ते दुसऱ्या फेरीत आणा. माझं आवडतं उदाहरण केसासारख्या जंताचं. तो रातकिड्याच्या पोटात वाढतो आणि मोठा झाला की रातकिड्याला पाण्यात उडी मारायला लावतो, कारण प्रजननासाठी त्याला पाणी लागतं. उडी मारलेला रातकिडा माशाच्या तोंडी जातो. जपानमधल्या एका ओढ्यात ट्राउट माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के ऊर्जा अशा कीटकांतून येते, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आता जंत काढून टाका आणि सुतळी कोणाच्या हातातून सुटते ते विचारा.

या खेळात एक खोट आहे. ज्याच्या हातात जास्त सुतळ्या, तोच महत्त्वाचा असं मुलांना वाटतं. ती पुढच्या पायरीत काढायची.

पायरी ४: कळीच्या प्रजातीचा पट

रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका पट्ट्यातून तारामासे सतत काढून टाकले. तारामासे शिंपले खात. ते गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. १९६९ मध्ये पेन यांनीच कळीच्या प्रजातीची संकल्पना मांडली. निकाल आधी सांगू नका, मुलांना खेळू द्या.

कागदावर ६ × ६ घरांचा पट आखा. चौघांना चार रंगांची बटणं द्या: एक शिंपला, बाकी तीन इतर जाती. प्रत्येक फेरीत आधी इतर तिघांनी रिकाम्या घरात एकेक बटण ठेवायचं. जागा कमी पडली तर आळीपाळीने. मग शिंपल्याने तीन ठेवायची, आणि जागा नसेल तर दुसऱ्याचं उचलून. बाराव्या फेरीअखेर सगळी ३६ घरं शिंपल्याची झालेली असतात.

दुसऱ्या डावात पाचवं मूल तारामासा होतं. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते शिंपल्याची दोन बटणं उचलतं, बस्स. आता बाराव्या फेरीअखेर शिंपल्याची १२ घरं, इतरांची २२ आणि दोन रिकामी. तारामाशाचं पटावर एकही घर नाही, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. संख्या थोडी, परिणाम भलता मोठा: कळीच्या प्रजातीची व्याख्या इथे फळ्यावर लिहा.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे सांगायचा मोह होईल. ते १९९५ मध्ये परत आणले हे खरं, पण त्यांच्यामुळे झाडी आणि नद्या किती बदलल्या यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. सांगितलंत तर मतभेदासकट सांगा. सागरी ऊदमांजर, ते खातं ते समुद्री साळू आणि साळू खातो ते केल्प हे मोठं समुद्री शैवाल, हे उदाहरण जास्त भक्कम आहे.

पायरी ५: दोन्ही धागे जोडा

परजीवी कळीच्या जागी असू शकतो का? बुळकांडी या गुरांच्या रोगाचा विषाणू घ्या. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाच्या आसपासच्या गुरांना लसी दिल्यावर वन्य प्राण्यांतूनही तो हटला आणि विल्डबीस्ट या चरणाऱ्या हरणासारख्या प्राण्याची संख्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारे अडीच लाखांवरून पुढच्या दोन दशकांत दहा लाखांच्या वर गेली. चराई वाढली, वाळलं गवत कमी उरलं, वणवे घटले, झाडं वाढली. ही साखळी शेवटून सुरुवातीकडे लावायला सांगा. मुलं ‘झाडं का वाढली?’पासून गुरांच्या सुईपर्यंत पोचतात.

पायरी ६: तपासणी

व्याख्या विचारू नका. एकच नवी माहिती द्या: रायनँथस नावाची वनस्पती कुरणातल्या गवताच्या मुळांतून रस ओढते. ती पेरली तर कुरणात फुलझाडांच्या जाती वाढतील की घटतील, आणि का? प्रत्यक्षात अनेक कुरणांत त्या वाढतात, कारण जोमदार गवत मंदावतं आणि इतरांना जागा मिळते. ‘घटतील’ म्हणणाऱ्यालाही कारणमीमांसा नीट असेल तर गुण द्या. ‘गवत म्हणजे पटावरचा शिंपला’ असं कोणी लिहिलं, तर पूर्ण गुण.