ताप परत परत येतोय? आधी कालनिर्णयावर खुणा करा

खानापुरात पावसाळा लागला की घरोघरी पोरं तापानं फणफणतात, म्हणून आमच्या धाकट्याचा ताप मीही पावसावरच ढकलत राहिले. चौथ्या खेपेला मात्र भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून बसले. लाल पेनाच्या खुणा बरोबर चार-चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि दर वेळी ताप चार दिवस.

तुम्हीही लिहून ठेवा. तारीख, वेळ, थर्मामीटरचा आकडा ("अंग कढत लागतंय" एवढं पुरत नाही), सोबत खोकला, जुलाब, पुरळ, लघवीला जळजळ होती का. टॉर्च लावून तोंड बघा. आमच्या बाळाच्या ओठाच्या आत पांढरट फोड होते, घसा लालभडक, मानेत गाठी. मधल्या दिवसांत पोर जेवतं-खेळतं का, वजन वाढतं का, हेही टिपा.

मलेरिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग, क्षय यांची शंका आधी फिटायला हवी. त्या तपासण्या झाल्यावर बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी माझ्या खुणा बघून 'पीएफएपीए' (ठरावीक अंतरानं परत परत ताप, सोबत तोंडात फोड, घशाला सूज, मानेत गाठी असा आजार) हे नाव घेतलं. हा आजार बहुधा ५ वर्षांच्या आत सुरू होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेक मुलांत वयाबरोबर थांबतो.

उरलेली अँटिबायोटिकची बाटली मनानं उघडू नका. मी दोनदा दिली होती. अजून जिवाला लागतं.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, किंवा कुठल्याही मुलाला झटका, ताठ मान, धाप, ग्लानी दिसली, तर खुणाबिणा राहू देत, तडक दवाखाना गाठा.