व्हॅनचं स्टिअरिंग आणि पाटे: माझी रविवारची तपासणी

नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरायचं म्हणजे स्टिअरिंगवर विश्वास हवा. म्हणून दर रविवारी गाडी रिकामी, सपाट जागेवर. मागच्या चाकांना दगड, पुढचं चाक जॅकवर, ॲक्सलखाली घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर पोराला ब्रेक दाबायला सांगा. खेळ (सैलपणा) गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) झिजलेली. मग डावी-उजवीकडे हलवा आणि टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बोट ठेवा; खेळ डोळ्याआधी बोटाला कळतो. त्यावरचा रबरी बूट (टोपी) फाटला असेल तर एंड बदला, नंतर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावून घेणं).

किंग पिनला ग्रीस चाक उचललेलं असतानाच मारायचं, वजनाखाली ते आत शिरत नाही. आधी निपल (ग्रीस भरायचं तोंड) पुसा, नाहीतर माती आत जाते (मी एकदा आळस केला, किंग पिन गेली). जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवा.

पाट्यांत (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांत) तांबूस भुकटी दिसली तर त्यांना ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट तपासा. शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) तेलाने ओला? जोडीनेच बदला.